व्हिएतनामी आकडे आणि मेळघाटातले त्यांचे नातलग

व्हिएतनामच्या सायगावात संध्याकाळी बिअरच्या टपरीवर ग्लासाला ग्लास भिडण्याआधी सगळं टेबल ओरडतं, "मोत्, हाय, बा, यो!" एक, दोन, तीन आणि मग घोट. पुढचे आकडे बोन, नम, सउ, बै, ताम, चीन आणि दहाला मुओइ. देवनागरीत हे उच्चार जेमतेमच उतरतात, कारण निम्मा शब्द सुरात असतो.

'बा' घ्या. आवाज सपाट ठेवला तर तीन, खाली सोडत नेला तर आजी. स्वरतंतू ताणले की ते वेगाने कंप पावतात आणि आवाज चढतो, सैल सोडले की उतरतो. मराठीत हा चढउतार आपण प्रश्न विचारायला, राग दाखवायला वापरतो. उत्तर व्हिएतनामच्या बोलीत मात्र असे सहा सूर आहेत आणि शब्दाचा अर्थच त्यांवर ठरतो. पहिल्याच आकड्याला कस लागतो. 'मोत्' म्हणताना सूर खाली जातो, घसा आवळून एकदम तुटतो आणि जीभ दातांमागे टेकते ती तिथेच राहते. आपली जीभ सवयीने शेवटचा 'त्' मोकळा करते, तो करायचा नाही.

दहाच्या पुढे सगळं सोपं होत जातं. अकरा म्हणजे 'दहा एक', वीस म्हणजे 'दोन दहा', नव्याण्णव म्हणजे 'नऊ दहा नऊ'. थोडी घासाघीस झालेली दिसते: विसापासून 'मुओइ'चा उतरता सूर सपाट होतो, एकवीसमधला 'मोत्' चढ्या सुरात जातो, पंधरापासून 'नम'चा 'लम' होतो. बाजारात तर 'दहा' आणि 'हजार' दोन्ही गाळतात. भाजीवाली 'बा लम' म्हणाली तर पस्तीस हजार डोंग काढायचे.

आपल्याकडे 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी सुटी मांडणी आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्या मांडणीमागची अडचण खरी होती, असं मला मनापासून वाटतं. मराठी मुलाला शंभरपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो. व्हिएतनामी मुलाला दहा शब्द आणि दोन-चार बदल पुरतात. चिनी आकड्यांची रचनाही अशीच सरळ आहे. 1995 सालच्या एका अभ्यासात चिनी आणि अमेरिकी मुलं दहापर्यंत बरोबरीने मोजत होती, अकरानंतर मात्र अमेरिकी मुलं मागे पडली.

तरी व्हिएतनामी आकडे चिनी नाहीत, आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. व्हिएतनामचा उत्तर भाग सुमारे हजार वर्षं चिनी सत्तेखाली होता. भाषेत चिनी शब्दांचा पूर आला. थाई लोकांनी चिनी वळणाचे आकडे घेतले, जपानी-कोरियनांनी आपल्या आकड्यांच्या जोडीला चिनी ठेवले. व्हिएतनामीत 'पहिला' आणि 'चौथा' यांसारख्या मोजक्या जागी चिनी शब्द शिरले, पण रोजची मोजणी घरचीच राहिली. हे घर म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुळ. त्याच कुळातली कोरकू आपल्या मेळघाटात बोलली जाते. चारला व्हिएतनामीत 'बोन', कंबोडियाच्या ख्मेरमध्ये 'बुऑन', म्यानमारच्या मोन भाषेत 'पोन', झारखंडकडच्या संथाळीत 'पोन' आणि कोरकूत 'उफुन'. अमरावती जिल्ह्यातल्या डोंगरांपासून हनोईपर्यंत एकच आकडा थोडे कपडे बदलून चालत आलेला आहे.

मग कोरकू आणि संथाळीत नसलेले ते सहा सूर आले कुठून? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंद्रे-जॉर्ज ओद्रिकूर यांनी 1954 साली दाखवून दिलं की ते गळून गेलेल्या व्यंजनांचे ठसे आहेत. सातचा शब्द पाहा. मोन भाषेत त्याच्या शेवटी आजही 'ह' ऐकू येतो. असा 'ह' म्हणताना स्वरतंतू सैल पडतात आणि आधीच्या स्वराचा आवाज आपोआप उतरतो. व्हिएतनामीतला 'ह' कालांतराने झडला, ती उतरण मात्र 'बै'च्या सुरात राहून गेली.