अमेरिकेची रिळं चीनला कशी गेली, आणि 'उत्पादक' या शब्दाचा घोळ

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९४९ साली मासे धरायच्या काठीवर बसवायचं, तंगूस गुंडाळलेलं झाकणाचं पहिलं रीळ तयार झालं, ते चक्क बॉम्ब बनवणाऱ्या कारखान्यात. तेलविहिरीच्या तळाशी खडक फोडायला लागणारे वेळ लावलेले बॉम्ब तिथे बनत. पेटंटची मुदत संपत आलेली, त्यामुळे मालक नव्या मालाच्या शोधात होते. अशात टेक्ससचा एक घड्याळजी आपलं रीळ घेऊन आला. दुकानातला माणूस पुडकं बांधताना दोऱ्याचा गुंडा न फिरवता टोकाकडून सरसर दोरा ओढतो, हे पाहून त्याला ते सुचलेलं. टाकताना रीळ जागचं हलत नाही, तंगूसची वेटोळी फक्त पुढून सुटत जातात. अंगठ्यानं कळ दाबायची, काठी झटकायची, कळ सोडायची. शाळकरी पोरालाही गुंता न करता गरी टाकता आली. १९५४ साली त्याचं '३३' क्रमांकाचं रूप आलं आणि ते घरोघर गेलं. राष्ट्राध्यक्षांना पाठवलेलं रीळ खोक्यावरच्या 'बॉम्ब' शब्दामुळे सुरक्षारक्षकांनी पाण्यात बुडवलं आणि त्यानंतर कंपनीनं नाव आखूड केलं, असं सांगतात. खरं असो-नसो, किस्सा झकास आहे.

हेच रीळ शतक बदलता बदलता चीनमध्ये बनू लागलं. तेव्हापासूनची अमेरिकेतली हळहळ 'आपलं होतं ते गेलं' या सुरातली आहे. पण किती आपलं होतं? बांबूच्या चिपा जोडून केलेली जी अमेरिकी काठी अभिमानानं दाखवतात, तिचा बांबू आधी बंगालचा होता. 'कलकत्ता केन' हे त्याचं बाजारातलं नाव. पुढे दक्षिण चीनमधला 'टोंकिन' बांबू आला. गळाजवळचा पारदर्शक धागा स्पेनच्या मुर्सियात रेशमाच्या किड्यांच्या ग्रंथी ओढून काढत. १९५० साली चीनशी व्यापार बंद झाला, टोंकिन मिळेना, तेव्हा काचतंतूच्या काठ्यांनी बाजार घेतला. अमेरिकी कारखान्यांचा भरभराटीचा काळ म्हणतात तो काही प्रमाणात या बंदीनंच घडवलेला आहे.

नंतरचा प्रवास सर्वांना माहीत आहे: जपान, तैवान, दक्षिण कोरिया. काठीत यंत्रानं न होणारं काम बरंच असतं. दोरी ज्या कड्यांतून जाते त्या प्रत्येक कड्याचा पाय काठीवर ठेवून त्यावर बारीक दोरा घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळायचा, शेवटचं टोक आतल्या फासातून ओढून लपवायचं, वर इपॉक्सीचा हात द्यायचा. मग तो ओघळू नये म्हणून काठी तासन्‌तास हळूहळू फिरत ठेवायची. एका काठीला अशी आठ-दहा कडी. मजुरी जिथे कमी तिथे हे काम गेलं. माशांना भुलवायला गळावर लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या बांधण्याचं काम तसंच केनिया, श्रीलंका, थायलंडकडे गेलं. १९९० साली इंचॉन ते वेइहाई बोट सुरू झाली, पाठोपाठ १९९२ मध्ये दक्षिण कोरिया आणि चीनचे राजनैतिक संबंध जुळले, आणि शानडोंग किनाऱ्यावरचं वेइहाई काठ्यांचं गाव झालं.

मजुरीचं कारण मोठं आहे, वाद नाही. पण सगळं मजुरीवर ढकललं की वॉशिंग्टनमधला एक निर्णय बाजूला राहतो.

काठ्या, रिळं, कृत्रिम आमिषं यांवर १० टक्के अबकारी कर आधीपासून होता, १९५० च्या कायद्यानं त्याचं उत्पन्न माशांसाठी राखून ठेवलं. पैसा राज्यांच्या मत्स्यखात्यांना जातो. वाटप ६० टक्के परवानेधारकांच्या संख्येवर, ४० टक्के क्षेत्रफळावर. १९८४ मध्ये कराची कक्षा जवळपास सगळ्या साहित्यापर्यंत वाढवली. हेतूबद्दल कुणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती कर कुठे बसतो याबद्दल. तो ग्राहकाच्या पावतीवर बसत नाही. 'उत्पादक, निर्माता किंवा आयातदार' यांनी केलेल्या पहिल्या विक्रीवर बसतो.

समजा, टल्सातला कारखानदार दुकानदाराला ४० डॉलरला रीळ विकतो. त्या ४० मध्ये पगार, जाहिरात, कचेरीचं भाडं, नफा सगळं आलं, म्हणून कर ४ डॉलर. आता तेच रीळ बाहेरून आलं आणि आयात करणाऱ्यानं ते देशातल्या वितरकाला १५ डॉलरला विकलं, तर पहिली विक्री ती. कर दीड डॉलर. वितरकानं पुढे जाहिरात आणि नफा चढवून दुकानदाराला ४० लाच विकलं तरी वरच्या २५ डॉलरला करानं हात लावायचा नाही.

मग प्रश्न येतो की आयातदार कोण? गोदीवरून माल सोडवणारा दलाल नव्हे, ज्याच्यासाठी माल आला तो खरा मालक, असं नियम सांगतात. आणि उत्पादक? कच्चा माल पुरवून त्यावरची मालकी स्वतःकडे ठेवली आणि दुसऱ्याकडून बनवून घेतलं, तर बनवणारा नव्हे, बनवून घेणारा उत्पादक! म्हणजे हाताला ग्रीस लागलेला माणूस उत्पादक नसू शकतो आणि टायवाला असू शकतो. बाहेरच्या ठेकेदाराकडून करून घेऊन स्वतः आयात करणाऱ्या ब्रँडला मात्र स्वतःच्याच विक्रीभावावर कर बसतो. त्यामुळे 'आयात केली की कर वाचतो' ही सरसकट ओरड चूक आहे. मधे एक वेगळा खराखुरा आयातदार असला तरच वाचतो. मोठ्या वितरकांना तशी साखळी जुळवणं जड नाही. पंचवीस कामगारांच्या कारखान्याला ते जमत नाही, आणि माझ्या मते हा कायदा सर्वांत जास्त बोचला तो यांनाच.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. शेजारच्या शिकार-साहित्याच्या करात बाणाच्या सुट्या भागांवर कर होता आणि तयार बाण बाहेरून आणले की तो चुकत असे. २००४ मध्ये कायदा बदलून बाणाच्या दांडीवरच कर ठरवावा लागला. त्याच वर्षी मासेमारीच्या साहित्याच्या पेट्यांवरचा कर १० वरून ३ टक्क्यांवर आला. २००५ मध्ये काठीवरच्या कराला १० डॉलरची मर्यादा घातली, म्हणजे महागड्या काठ्या बनवणाऱ्यांना दिलासा. रिळांना तशी मर्यादा नाही.

आयातशुल्काची तऱ्हा निराळी. २.७० डॉलरपर्यंतच्या रिळाला ९.२ टक्के, त्यावरच्या आणि ८.४५ पर्यंतच्याला नगामागे २४ सेंट, त्याहून महागाला ३.९ टक्के. नगावर ठरलेला मधला दर स्वस्तातल्या स्वस्त रिळावरच्या टक्क्यांपेक्षा सौम्य पडतो. हे शुल्कही १९८४ पासून त्याच मत्स्यनिधीत जमा होतं, तेव्हा वेइहाईची काठी बंदरात उतरली की अमेरिकेतल्या तळ्यांत मत्स्यबीज सोडायला चार पैसे मिळतात.

'मेड इन यूएसए' या शिक्क्याचंही असंच. 'सगळं किंवा जवळजवळ सगळं' देशी हवं, हा निकष १९९७ मध्ये ७५ टक्क्यांवर आणायचा प्रस्ताव होता, विरोध झाल्यावर त्याच वर्षी मागे घेतला. २०२१ मध्ये जुना निकष रीतसर नियम झाला. जपानी बेअरिंग आणि चिनी दांडा बसवून टल्सात जुळवलेल्या रिळाला तो शिक्का नाही.

२०१८ पासून चिनी मालावर जादा शुल्कं आली, २०२५ च्या एप्रिलमध्ये ती काही काळ १४५ टक्क्यांपर्यंत चढली. आयातदार ते शुल्क विक्रीभावात धरतो, आणि १० टक्के अबकारी कर त्या वाढलेल्या भावावर बसतो.