गाभण तपासणी: मुठीच्या दाबापासून रक्तचाचणीपर्यंत

गाय भरवली की साधारण २१व्या दिवशी तिच्यावर डोळा ठेवायचा, ही गाभण ओळखण्याची सर्वांत जुनी रीत. माज (वळूची ओढ) पुन्हा दिसला तर उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही; नाही दिसला तर लागली. सातव्या महिन्याच्या सुमारास उजव्या कुशीवर मूठ दाबून वासराचा धक्का लागतो का, हेही जाणती माणसं पाहत. मधले महिने मात्र अंदाजावर जात. मुका, म्हणजे बाहेर फारशी लक्षणं न दाखवणारा माज नजरेतून सुटला की खाली राहिलेली गाय गाभण समजूनच पोसली जाई.

या अंदाजाची खरी किंमत कळली ती कृत्रिम रेतनामुळे. १९३६ साली डेन्मार्कच्या साम्सो बेटावर रेतनाची सहकारी संस्था निघाली. १९४९ साली ग्लिसरीन वापरून वीर्य गोठवून टिकवता येतं हे सिद्ध झालं आणि गोठ्यात वळू ठेवण्याची गरज उरली नाही. उलटलेली गाय वळू आपणहून हेरतो; तो गेल्यावर ते काम माणसावर आलं. माझ्या मते पशुवैद्यक आणि गोठेवाला यांची या कामातली जोडी तिथेच जमली.

गुदमार्गातून हात घालून तपासणं विसाव्या शतकात रोजच्या सरावाचं झालं. खांद्यापर्यंतचा मोजा, भरपूर वंगण, आणि आतड्याच्या भिंतीतून हाताला लागणारं गर्भाशय. पस्तीस दिवसांच्या आसपास गर्भाशयाचं शिंग (त्याची एक फांदी) चिमटीत अलगद धरलं, तर आतलं पातळ आवरण आधी निसटतं आणि मागून भिंत सुटते. अडीच-तीन महिन्यांनंतर वारेच्या गाठी लागतात, गर्भाशयाकडे जाणारी धमनी बोटाखाली थरथरते. हे पुस्तकातून येत नाही. शेकडो गायी तपासून तो हात तयार होतो.

१९७०च्या दशकात दुधातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवून धरणारं संप्रेरक, मोजून रेतनानंतर तीन आठवड्यांतच निदान होऊ लागलं. ‘गाभण नाही’ हे ही चाचणी खात्रीने सांगते, ‘गाभण आहे’ हे तितक्या खात्रीने नाही. १९८०च्या दशकात सोनोग्राफी गोठ्यात पोहोचली. साधारण २८व्या दिवसापासून गर्भ दिसतो आणि त्याच्या हृदयाचे ठोकेही दिसतात. मात्र एवढ्या लवकर दिसलेला गर्भ पुढे जिरूही शकतो. म्हणून साठ दिवसांच्या पुढे दुसरी तपासणी करायलाच हवी. ती टाळणाऱ्यांना पुढे भाकड काळाचा हिशेब लागत नाही.

१९८२ साली गाभण गायीच्या वारेतलं एक खास प्रथिन संशोधकांनी वेगळं केलं; ते गायीच्या रक्तातही उतरतं. आजच्या रक्तचाचण्या अशाच प्रथिनांवर उभ्या आहेत. नमुना घ्यायला तरबेज हात लागत नाही, पण गर्भाशयात पू आहे की बीजांडावर गाठ, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी पशुवैद्यकच हवा. शिवाय व्यायल्यावरही ते प्रथिन रक्तात बरेच आठवडे रेंगाळतं. त्यामुळे नमुन्यासोबत रेतनाची आणि मागच्या विण्याची, अशा दोन्ही तारखा द्याव्या लागतात.