पीएसडी-९५

पीएसडी-९५ हे मेंदूतील उत्तेजक चेतासंधींमध्ये (चेतापेशींच्या जोडांमध्ये, जिथे एक पेशी दुसरीला चेतवते), संदेश स्वीकारणाऱ्या पेशीच्या पटलाला आतून लागून दाटीने आढळणारे स्कॅफोल्ड, म्हणजे मचाणासारखा आधार देणारे, प्रथिन आहे. त्याची माहिती डीएलजी४ या जनुकात असते. ते स्वतः कोणतीही रासायनिक अभिक्रिया घडवत नाही. त्याच्या टोकाचा भाग ग्वानिलेट कायनेज या विकरासारखा दिसतो खरा, पण त्यात विकराची क्षमता उरलेली नाही. ज्या रेणूंनी एकमेकांच्या हाताशी असायला हवे त्यांना जवळ धरून ठेवणे, हेच त्याचे काम.

१९९० च्या दशकाच्या आरंभी ओळखल्या गेलेल्या या प्रथिनाच्या नावातला ९५ हा आकडा थोडा फसवा आहे. ७२४ ॲमिनो अम्लांच्या या साखळीचे वस्तुमान हिशेबाने सुमारे ८० किलोडाल्टन (रेणूच्या वस्तुमानाचे एकक) भरते. प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मात्र ती ९५ च्या आसपास थांबते, आणि तोच आकडा नावाला चिकटला. साखळीत इतर प्रथिनांची टोके पकडणारे तीन पीडीझेड खंड, एक एसएच३ खंड आणि वर सांगितलेला कायनेजसदृश खंड असतो. आरंभीच्या तिसऱ्या आणि पाचव्या स्थानावरील सिस्टीन या ॲमिनो अम्लाला पामिटेट हे मेदाम्ल जोडले गेले की प्रथिन पटलाला धरून राहते. एनएमडीए ग्राहीच्या (संदेश मिळताच कॅल्शियम आत सोडणाऱ्या पटलातील प्रथिनाच्या) जीएलयूएन२ उपघटकाची शेवटची ॲमिनो अम्ले पहिल्या दोन पीडीझेड खंडांच्या खाचेत बसतात, तर नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकरही त्याच प्रथिनाला शेजारी बांधलेले असते. त्यामुळे ग्राहीतून आत आलेले कॅल्शियम पेशीभर पसरण्याआधीच त्या विकरापर्यंत पोहोचते. हे प्रथिन सदोष केलेल्या उंदरांमध्ये चेतासंधी दुबळे होतील असे वाटले असते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांचे दीर्घकालीन दृढीकरण (तीव्र उत्तेजनानंतर चेतासंधी दीर्घकाळ बळकट होणे) उलट वाढलेले आढळले, आणि तरीही त्या उंदरांचे स्थळविषयक शिक्षण मंदावले होते.

संशोधनात पीएसडी-९५ विरुद्धची प्रतिपिंडे (ठरावीक रेणूला चिकटणारी प्रथिने) मुख्यतः उत्तेजक चेतासंधी ओळखण्यासाठी वापरली जातात. उंदरापासून मिळवलेले के२८/४३ हे मोनोक्लोनल (एकाच पेशीवंशातून बनलेले) प्रतिपिंड त्यांपैकी बरेच प्रचलित आहे. येथे दोन अडचणी येतात. पहिली नातलगांची: पीएसडी-९३, एसएपी९७ आणि एसएपी१०२ या याच कुटुंबातल्या प्रथिनांचे पीडीझेड खंड इतके सारखे असतात की, त्या भागाविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड नीट पारखून घेतले नाही, तर ते त्यांनाही चिकटू शकते. दुसरी अडचण अधिक त्रासदायक आहे. चेतासंधीमागचा हा थर मुळातच घट्ट असतो आणि फॉर्माल्डिहाइडने ऊती स्थिर केल्यावर तो आणखी आवळला जातो. प्रतिपिंड आत शिरतच नाही, आणि जिथे प्रथिन सर्वाधिक तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली काळोख दिसतो. म्हणून स्थिरीकरण हलके ठेवतात किंवा छेदांना पेप्सिनची अल्पकाळ प्रक्रिया देतात. वेस्टर्न ब्लॉटवरील (जेलवर वेगळी केलेली प्रथिने प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीतील) ९५ किलोडाल्टनजवळचा पट्टाही एकटा पुरेसा नसतो. डीएलजी४ पूर्णपणे काढून टाकलेल्या उंदराच्या मेंदूचा अर्क शेजारच्या रांगेत चालवला असता तेथे तो पट्टा दिसता कामा नये.