वाटणी आणि तुलना: अपूर्णांक व गुणोत्तर कुठून आले

इडलीसाठी तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडीद डाळ घेतली, तर डाळ आणि तांदूळ यांचं गुणोत्तर १ : ३ झालं. मग सगळ्या धान्यात डाळ किती? पुष्कळ मुलं पटकन ‘एक तृतीयांश’ म्हणतात. खरं उत्तर पाव, कारण वाट्या एकूण चार. गवंड्याच्या १ : ६ मालातही सिमेंट एक सप्तमांश असतं. या चुकीसाठी मुलांना रागावू नये. दोन कल्पना निराळ्या गरजांतून जन्मल्या आणि फार उशिरा एका चिन्हात येऊन बसल्या.

अपूर्णांक आला वाटणीतून. इजिप्तमध्ये इ.स.पू. १५५० च्या सुमारास आहमोस या लेखनिकाने उतरवलेल्या पपायरसात दहा माणसांत भाकऱ्या वाटायची गणितं आहेत. सात भाकऱ्या असतील, तर प्रत्येकाला दोन-तृतीयांश भाकरी आणि वर तिसावा भाग. इथे तुलना कशाशीच नाही. एका भाकरीचे तुकडे पाडायचे आणि पदरात काय पडलं ते सांगायचं.

ग्रीकांचा प्रश्न वेगळा होता. तार निम्मी केली की तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू येतो. तिथे २ : १ हे दोन लांब्यांमधलं नातं आहे. ग्रीकांच्या लेखी संख्या म्हणजे फक्त पूर्ण संख्या, आणि गुणोत्तर ही संख्या नव्हेच. चौरसाची बाजू आणि कर्ण कोणत्याही एका मापाने पुरे मोजता येत नाहीत, हे कळल्यावर तर हा भेद सांभाळणं भागच पडलं. त्या दोन रेषांमध्ये गुणोत्तर आहे, पण पूर्ण संख्यांचा अंश-छेद त्याला कधीच मिळणार नाही. यूडोक्सस या ग्रीक गणितज्ञाने यातून वाट काढली आणि इ.स.पू. ३०० च्या सुमारास युक्लिडने ती आपल्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीग्रंथाच्या पाचव्या पुस्तकात मांडली: गुणोत्तर म्हणजे एकाच जातीच्या दोन राशींमधलं आकारमानाचं नातं. माझ्या मते शाळेत गुणोत्तराची सुरुवात याच वाक्याने व्हावी.

‘एकाच जातीच्या’ ही अट आपल्याकडेही आहे. भास्कराचार्य ११५० च्या ‘लीलावती’त त्रैराशिक सांगताना म्हणतात, प्रमाण (दिलेली राशी) आणि इच्छा (जिच्यासाठी उत्तर हवं ती राशी) समान जातीची, फळ (प्रमाणाला मिळतं ते) अन्य जातीचं. त्यांचं केशराचं उदाहरण बघा (निष्क हे नाणं, पळ हे वजन): ३/७ निष्काला अडीच पळं केशर मिळतं, तर ९ निष्कांना किती? यातले ३/७ म्हणजे एका निष्काचा भाग, हातात धरता येईल असं मोल. पण ९ निष्क हे ३/७ निष्काच्या २१ पट. हे २१ ना निष्क, ना पळं. अडीचला २१ ने गुणलं की साडेबावन्न पळं. अपूर्णांक आणि गुणोत्तर एकाच गणितात आहेत, आणि दोघांची कामं वेगळी.

मराठीने हा फरक एका ‘पट’मध्ये जपलाय. पावकी, निमकी, औटकी हे पाढे मापांचे. औट म्हणजे साडेतीन. ‘दीड लिटर’ म्हटलं की बोलणं पुरं झालं. ‘दीडपट’ म्हटलं की समोरचा विचारणारच, कशाच्या?

चिन्हांचं एकत्र येणं बरंच नंतरचं. भारतात अंशाखाली छेद लिहीत, मधे रेघ नसे. ती रेघ बाराव्या शतकात मगरिबमधल्या, म्हणजे वायव्य आफ्रिकेतल्या, अल-हस्सार या गणितज्ञाकडे दिसते आणि १२०२ च्या इटलीच्या फिबोनाचीच्या ग्रंथातून युरोपात पोचते. पुढे जर्मन गणितज्ञ लायब्निट्सने १६८४ मध्ये भागाकारालाच दोन टिंबं वापरली. १७०७ मध्ये छापल्या गेलेल्या न्यूटनच्या अंकगणितात तर संख्या म्हणजेच एका राशीचं, एकक धरलेल्या सजातीय राशीशी असलेलं गुणोत्तर, असं म्हटलंय. यूडोक्ससने सांभाळलेली भिंत इथे पडली. बीजगणिताचा त्यात फार फायदा झाला, वर्गातल्या मुलाची मात्र वाट अवघड झाली.

बेरीज करायला बसलं की जुना भेद पुन्हा वर येतो. अर्धी भाकरी आणि एक तृतीयांश भाकरी मिळून पाच-षष्ठांश. पण डाळ-तांदळाचं एक पातेलं १ : २ चं, दुसरं १ : ३ चं, आणि दोन्हींत डाळ एकेक वाटी असेल, तर एकत्र केल्यावर डाळ दोन वाट्या, तांदूळ पाच, म्हणजे २ : ५.