स्लॅबवरचा पत्रा: घाटमाथ्यावरच्या समाजमंदिरांची पार्श्वभूमी

पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांत डोंगरउतारावरची समाजमंदिरं पाहिलीत, तर बऱ्याच ठिकाणी एक गंमत दिसते. खाली सिमेंटचा सपाट स्लॅब आणि त्याच्यावर लोखंडी अँगल उभे करून चढवलेला उतरता पत्रा. स्लॅब सरकारी निधीतला, पत्रा वर्गणीतला, आणि त्या वर्गणीत मोठा वाटा मुंबई मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा. एकाच इमारतीला दोन छपरं का लागली, त्याची ही गोष्ट.

इथून समुद्र दिसत नाही, पण कोयनानगरपासून तो हवाई अंतरानं साठेक किलोमीटरवरच आहे. मोसमी वारा तिथून येतो, सह्याद्री चढताना गार होतो आणि सगळं ओझं इथंच उतरवतो. महाबळेश्वर, नवजा भागात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस; त्याच सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात जेमतेम ५०० च्या आसपास. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. माणचं अख्खं वर्ष एका दिवसात! शिवाय हा पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून आडवा जास्त येतो.

समाजमंदिर हा शब्द यायच्या आधी गावकी बसायची ती ग्रामदैवताच्या मंडपात. उंच जोतं, ऐन-जांभळाचे खांब, दोन्ही बाजूंनी उघडा मंडप, आणि वळचण इतकी खाली की आत शिरताना मान वाकवावी लागायची. देवापुढं वाकावं म्हणून तशी ठेवलेली, असं म्हातारी माणसं सांगतात. मला तरी वाटतं, खरं कारण झड, म्हणजे आत घुसणारा तो आडवा पाऊस. वर आधी गवत, मग कुंभारानं घडवलेली नळीची कौलं, आणि पुढे मंगलोरी. बासेल मिशननं मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौलं पश्चिम किनाऱ्यानं पसरत घाटावरही आली. कौलांच्या फटींतून धूर आणि दमट हवा बाहेर जाते, पण पाणी आत येत नाही. त्यांचा खरा वैरी पाऊस नव्हेच, वानरं. एक टोळी छपरावरून गेली की पन्नास कौलं फुटलीच.

भिंती दगडाच्या, नाहीतर जांभ्याच्या. जांभा खाणीत ओला असताना कुऱ्हाडीनं तासता येतो आणि हवा लागली की कडक होतो. महाबळेश्वरला पावसाआधी भिंतींना गवताचं आवरण बांधायची रीत होती. आता तिथं निळं प्लास्टिक दिसतं.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेच्या भूकंपात दीडशेहून जास्त माणसं गेली, हजारो घरं पडली. मातीत रचलेल्या दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, मध्ये भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले, की हादऱ्यानं भिंत पोटातून फुगते आणि छप्पर खाली येतं. अभियंत्यांनी त्यातून काढलेला अर्थ असा: आरपार दगड घाला, दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, छप्पर हलकं ठेवा. लोकांनी काढलेला अर्थ सोपा होता: दगड वाईट, सिमेंट चांगलं. मेलेली माणसं पाहिलेल्यांना कोण चूक म्हणणार?

खासदार निधी डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाला, आमदार फंड होताच. समाजमंदिरांचा सपाटा लागला, आणि कोरड्या माणमधल्या दहिवडीकडं जो नकाशा तोच कोयनेकाठच्या हेळवाककडं. दहिवडीत सपाट गच्चीवर धान्य वाळतं. इकडं तिच्यावर जुलैभर पाणी साचतं. अशाच एका हॉलमध्ये मी आषाढात बसलोय. वक्त्याच्या उजवीकडं बादली, डावीकडं पातेलं, आणि भिंतीवरच्या तसबिरीमागून हिरवी ओल खाली उतरलेली. दर दहा मिनिटांनी एक पोरगा उठून बादली ओतून येत होता. कुणाच्याच भाषणात खंड पडत नव्हता. मग वर पत्रा आला. पण त्याला वळचण नीट दिली नाही, की वारा पाणी पत्र्यावरून उलटं रेटतो आणि ते वरच्या जोडातून, आढ्यापाशी, आत येतं. वळचणीचं पाणी आढ्याला, ही म्हण आमच्याकडं शब्दशः खरी होते.

सपाट नकाशाला सपाट जागा लागते. म्हणून जेसीबी लावून डोंगराचा पायथा उभा कापायचा, निघालेली माती पुढं ढकलायची आणि अर्धी इमारत त्या भरावावर उभी करायची. जुनी माणसं मागची बाजू जमिनीसरशी ठेवत आणि पुढचं जोतं तेवढं उंच घेत. जुलै २०२१ मध्येच आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या. तिथं पावसानं भिजलेला डोंगरच खाली आला. पण त्यानंतर समाजमंदिराकडं लोक निवारा म्हणूनही पाहू लागले, आणि त्याच्या मागं डोंगर किती कापलाय हे विचारू लागले.

जुन्या देवळांच्या मागं, डोंगराच्या अंगाला, एक चर असते. वरून येणारं पाणी ती दोन्ही बाजूंनी वळवून ओढ्याला लावते. मृगाआधी ती उपसायची पाळी काही गावांत अजून घराघरांत वाटून दिलेली आहे. शेजारच्या समाजमंदिराच्या नकाशात चर नाही, त्यामुळे तिची पाळीही कुणाकडं नाही.