नकाशा कानांनी वाचताना

मोबाइलवरचा नकाशा आपल्याला एकसंध दिसतो. प्रत्यक्षात वर्षानुवर्षं वेब-नकाशे 256 × 256 पिक्सेलचे चित्रांचे चौकोन शेजारीशेजारी मांडून तयार होत आले. या चौकोनांना टाइल म्हणतात. दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. चित्रातल्या रेषा त्याला वाचता येत नाहीत. त्यामुळे अख्ख्या शहराच्या नकाशातून ऐकू येतात फक्त दोन बटणं : झूम इन आणि झूम आउट.

पण नकाशा म्हणजे चित्र नव्हे. चित्रामागे नावं असतात, अंतरं असतात, कोणता रस्ता कुठे कशाला मिळतो ही माहिती असते. ती बोलून दाखवता येते. मात्र नावं तरी देवनागरीत भरलेली हवीत. रोमन लिपीत ळ नाही, म्हणून माळशिरसचं मालशिरस होतं.

नकाशा बोलून दाखवता येतो, ही गोष्ट रेजिनाल्ड गॉलेज यांना फार आधी उमगली होती. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात ते भूगोलाचे प्राध्यापक होते, आणि 1984 मध्ये त्यांची दृष्टी गेली. नकाशांवर आयुष्य घालवलेल्या माणसाची! जॅक लूमिस आणि रोबर्टा क्लॅट्झ्की या मानसशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी पाठीवर वाहायचं एक यंत्र घडवलं. त्यात जीपीएस, संगणक आणि हेडफोन होते. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. यंत्राने नेमकं हेच साधलं : इमारतीचं नाव इमारतीच्याच दिशेने ऐकू येई. 2018 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या साउंडस्केप अ‍ॅपचं तत्त्वही हेच होतं. कंपनीने 2023 मध्ये ते बंद केलं, पण त्याचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला.

मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर चुकतो. उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतात, तेव्हा चूक आणखी वाढते. आपण रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहोत, हेच मग अ‍ॅपला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून पांढरी काठी हातात हवीच.

व्हीलचेअरवरच्या माणसाचा प्रश्न निराळा. त्याला नकाशा स्वच्छ दिसतो. नकाशाला त्याची अडचण दिसत नाही. जवळचा रस्ता एका पायरीपाशी संपतो. बर्लिनहून 2010 मध्ये सुरू झालेल्या व्हीलमॅपवर कोणीही एखादं ठिकाण हिरवं, नारिंगी किंवा लाल ठरवू शकतो, आणि ही नोंद ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात जाते. दारात एकच पायरी, तीही सात सेंटिमीटरपर्यंतच, आणि आत बहुतेक खोल्यांत पायऱ्या नसतील, तर नारिंगी. कोणी काहीच नोंदवलं नसेल तर राखाडी. मला हा राखाडी रंग सगळ्यात जास्त खुपतो. लाल ठिपका पाहून निदान दुसरीकडे जाता येतं; राखाडी ठिपक्यापाशी मात्र दारापर्यंत गेल्यावरच कळतं. उपग्रहाच्या छायाचित्रात इमारतीचं छप्पर येतं, पण दारातली पायरी येत नाही.