गेम स्टुडिओंचे जाहीर माफीनामे

ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याने खेळाडूंशी गैरवर्तन केल्यावर कंपनीने सर्वांसमोर मागितलेली माफी. हे गैरवर्तन अपमानास्पद बोलण्याचे असू शकते, दिशाभूल करण्याचे असू शकते, किंवा खेळाच्या यंत्रणेतला आपला खास अधिकार वापरून कुणाचा फायदा वा नुकसान करण्याचे. खेळ अर्धवट अवस्थेत बाजारात आणल्याबद्दलची माफी हा वेगळा प्रकार. ‘सायबरपंक २०७७’साठी सीडी प्रोजेक्टच्या सहसंस्थापकांनी जानेवारी २०२१ मध्ये व्हिडिओतून मागितलेली माफी त्यात मोडते. कंपनीच्या आत कर्मचाऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या त्रासाची प्रकरणेही या नोंदीत येत नाहीत.

खेळ खोक्यातून विकला जात होता तोवर तो बनवणारा आणि खेळणारा यांची गाठ क्वचितच पडे. ऑनलाइन खेळांनी हे चित्र बदलले. खेळ विकल्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहतो, त्यात दर काही आठवड्यांनी बदल होतात आणि त्या बदलांवर खेळाडू थेट रेडिट, डिस्कॉर्ड किंवा ट्विटरवर (आताच्या एक्सवर) डेव्हलपरला, म्हणजे खेळ बनवणाऱ्याला, गाठून बोलतात. रात्री उशिरा एखादा डेव्हलपर वैतागून उत्तर देतो आणि सकाळपर्यंत त्याचे स्क्रीनशॉट हजारोंनी पाहिलेले असतात. शिवाय खेळाडूचे खाते, त्याचे पात्र, त्याने जमवलेल्या वस्तू हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि काही कर्मचाऱ्यांचा हात तिथपर्यंत पोहोचतो. म्हणून तोंडाने केलेले गैरवर्तन आणि हाताने केलेले गैरवर्तन वेगवेगळे पाहायला हवे. चर्चा पहिल्याची जास्त होते; खरे नुकसान बहुधा दुसऱ्यात असते.

अधिकाराचा गैरवापर

या प्रकारातले सर्वांत बोधक प्रकरण आइसलँडमधल्या सीसीपी गेम्स या कंपनीचे. तिचा ‘ईव्ह ऑनलाइन’ हा अंतराळातला खेळ २००३ पासून चालू आहे. त्यात जहाजे, शस्त्रे, व्यापार सगळे खेळाडूंच्या हाती असते आणि हजारोंच्या आघाड्या एकमेकींशी महिनोन्‌महिने युद्धे करतात. प्रगत जहाजे बांधण्यासाठी लागणारे काही मूळ ब्लूप्रिंट (आराखडे) त्या काळी लॉटरीने वाटले जात. संख्येने ते मोजकेच होते. ज्याच्या हाती असा ब्लूप्रिंट, त्याची आघाडी कायमची श्रीमंत. फेब्रुवारी २००७ मध्ये उघड झाले की ‘टी२०’ या नावाने वावरणाऱ्या सीसीपीच्या एका डेव्हलपरने असे ब्लूप्रिंट अधिकार वापरून मिळवले होते आणि ते त्याच्या स्वतःच्या गटाकडे गेले होते. तो गट ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या त्या वेळच्या सर्वांत बलाढ्य आघाडीचा भाग होता.

टी२०ने जाहीरपणे चूक कबूल करून माफी मागितली. कंपनीच्या प्रमुखांनीही निवेदन काढले. तरी रोष शमला नाही आणि त्याला कारणे होती. टी२०ला लगेच कामावरून काढण्यात आले नाही. उलट ज्या खेळाडूने प्रकरण उजेडात आणले त्याच्यावर बंदी आली. शिवाय ज्या युद्धांत लोकांनी आपली जहाजे, पैसा आणि आयुष्यातले कित्येक तास घातले होते, त्या युद्धांचे निकाल आता संशयास्पद झाले होते. ते परत कसे लढणार? नुसत्या शब्दांनी भरून निघण्यासारखे हे नुकसान नव्हते.

सीसीपीने पुढे जे केले ते मात्र या उद्योगात दुर्मिळ आहे. कर्मचाऱ्यांच्या खेळातल्या वागणुकीवर नजर ठेवण्यासाठी कंपनीत स्वतंत्र अंतर्गत तपास विभाग उभा राहिला. खेळाडूंनी मतदानाने निवडलेली ‘कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट’ ही समितीही स्थापन झाली. २००८ मध्ये पहिल्या निवडणुकीतून नऊ प्रतिनिधी निवडून आले आणि रेक्याविकमध्ये कंपनीच्या कार्यालयात त्यांची बैठक झाली. समितीला निर्णय फिरवण्याचा अधिकार नव्हता, तिच्यावर टीकाही भरपूर झाली. पण कंपनीच्या दारात जाऊन जाब विचारण्याची जागा ग्राहकाला प्रथमच मिळाली. माफीची किंमत तिच्यानंतर कुणाच्या हातात किती अधिकार उरला यावरून करावी, असे मानणाऱ्यांना हे उदाहरण पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

ब्रिटनमधल्या जॅगेक्सचे प्रकरण आर्थिक अंगाने अधिक उघड होते. ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’च्या चमूतल्या एका सदस्याने आपले विशेषाधिकार वापरून खेळाडूंच्या खात्यांशी खेळ केल्याचे कंपनीने सप्टेंबर २०१८ मध्ये स्वतःहून जाहीर केले. या खेळातले सोने बाहेर खऱ्या पैशांत विकले जाते, त्यामुळे ही फक्त खेळातली खोडी नव्हती. त्या माणसाला काढण्यात आले, पोलिसांशी संपर्क साधण्यात आला आणि ज्यांचे नुकसान झाल्याचे आढळले त्यांना सोने व वस्तू परत केल्या जात असल्याचे त्याच निवेदनात सांगितले गेले. काय घडले, कुणाचे गेले, काय परत मिळणार या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच पानावर मिळावीत, ही अपेक्षा फार नाही. तरीही बहुतेक माफीनाम्यांत तिसरे उत्तर सापडत नाही.

दक्षिण कोरियात नेक्सॉनच्या मालकीच्या निओपल कंपनीवर सप्टेंबर २०२० मध्ये अशीच वेळ आली. ‘डन्जन अँड फायटर’मधल्या एका पात्राकडे असू शकणार नाहीत इतक्या भारी वस्तू असल्याचे खेळाडूंनीच हेरले. ते पात्र कर्मचाऱ्याचे निघाले. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली, कर्मचाऱ्याला बडतर्फ केले आणि त्याच्याविरुद्ध फौजदारी तक्रार दाखल केली.

बोलण्यातले गैरवर्तन

४ एप्रिल २०१३ रोजी मायक्रोसॉफ्ट स्टुडिओजच्या एका क्रिएटिव्ह डायरेक्टरने ट्विटरवर लिहिले की सतत इंटरनेटशी जोडलेल्या कन्सोलबद्दल (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राबद्दल) लोकांना एवढे काय खुपते तेच कळत नाही. आता सगळीच उपकरणे तशी असतात, तेव्हा जुळवून घ्या. सगळीकडे इंटरनेट धड चालत नाही असे सांगून कुणी काही गावांची नावे घेतली, तेव्हा त्याने उलट विचारले की मी तिथे राहायला कशाला जाईन? संभाषणात थट्टेचा सूर होता, समोरचा त्याच्या ओळखीचा होता. पण वाचणारे त्यांचे मित्र नव्हते. त्यांत भिकार इंटरनेटवर दिवस काढणारे ग्राहक होते.

दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने माफी मागितली: हे विधान अनुचित होते, आमचा ग्राहकांकडे पाहण्याचा दृष्टिकोन असा नाही, आणि पुढच्या उत्पादनांबद्दल आम्ही काही सांगू शकत नाही. तो कर्मचारी लवकरच कंपनीतून बाहेर पडला. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टचा नवा कन्सोल एक्सबॉक्स वन जाहीर झाला आणि त्याला दर २४ तासांतून एकदा इंटरनेटशी जोडावे लागेल हे समोर आले. म्हणजे कर्मचाऱ्याने जे उर्मटपणे सांगितले तेच कंपनी करणार होती. माफी स्वरासाठी होती, निर्णयासाठी नव्हती. १९ जून २०१३ रोजी ती अट मागे घेतली गेली, तीही ग्राहकांचा रेटा वाढला म्हणून.

स्वराची माफी आणि निर्णयाची माफी यांतला हा फरक पुढच्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एपेक्स लेजंड्स’च्या ‘आयर्न क्राउन’ या कार्यक्रमात एक खास कुऱ्हाड ठेवली होती. लूट बॉक्समधल्या (आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या विकतच्या पेट्यांमधल्या) २४ वस्तू जमवल्याशिवाय ती विकत घेण्याचा हक्कसुद्धा मिळत नव्हता. संतापलेल्या खेळाडूंशी बोलताना रिस्पॉन या स्टुडिओच्या लोकांनी रेडिटवर त्यांना शिव्या दिल्या, फुकटे म्हटले. तत्कालीन प्रमुख विन्स झॅम्पेला यांनी आमच्या काही लोकांनी मर्यादा ओलांडली असे मान्य करून, दुखावलेल्या चाहत्यांची माफी मागितली. येथे विक्रीची पद्धतही काही अंशी बदलली, काही वस्तू थेट विकत मिळू लागल्या. त्यामुळे ही माफी तुलनेने टिकली.

‘हेलडायव्हर्स २’च्या बाबतीत तसे झाले नाही. मार्च २०२४ मध्ये खेळाडूंची आवडती शस्त्रे कमजोर करणारा पॅच (खेळातला बदल) आला आणि डिस्कॉर्डवर अ‍ॅरोहेड स्टुडिओच्या कर्मचाऱ्यांनी तक्रार करणाऱ्यांची खिल्ली उडवली. प्रमुख योहान पिलेस्टेट यांनी ते शेरे वाचून आपण हादरलो असे सांगत माफी मागितली आणि लोकांनी ती मनापासूनची मानली. पण शस्त्रांचे धोरण तेच राहिले. ऑगस्टमध्ये पुन्हा भडका उडाला, तेव्हा स्टुडिओने ६० दिवसांत सुधारणा करण्याचे वचन दिले, आणि सप्टेंबरच्या मोठ्या पॅचमध्ये शस्त्रे पुन्हा ताकदवान झाली. मार्चमध्येच निर्णयाकडे पाहिले असते तर मधले सहा महिने दोन्ही बाजूंना सोसावे लागले नसते.

काही वेळा पहिले उत्तरच आगीत तेल ओतते. डिसेंबर २०१२ मध्ये ‘द वॉर झी’ हा खेळ स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला तेव्हा तिथल्या पानावर जाहिरात केलेल्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या. काही लोकांनी माहिती नीट वाचली नाही, असा निर्मात्यांचा सूर होता. स्टीमने विक्री थांबवली. जानेवारीत कार्यकारी निर्माते सर्गेई टिटोव्ह यांनी खुल्या पत्रात आपण उद्धट झालो होतो, सुरुवातीच्या यशाने आंधळे झालो होतो, असे लिहिले. हे पत्र प्रामाणिक वाटते, पण ते पहिल्या दिवशी आले असते तर.

माफीनाम्याची भाषा आणि रीत

संकटात सापडलेली संस्था आपली प्रतिमा कशी सावरते यावर अमेरिकी संवादतज्ज्ञ विल्यम बेनॉइट यांनी मांडलेले वर्गीकरण इथे नेमके लागू पडते. नाकारणे, जबाबदारी टाळणे, घटना छोटी करून दाखवणे, दुरुस्ती करणे आणि शरणागती पत्करून क्षमा मागणे अशा त्या पाच वाटा. स्टुडिओंच्या निवेदनांत शेवटची वाट शब्दांत असते आणि दुसरी वाट वाक्यरचनेत. ‘एका कर्मचाऱ्याची मते ही कंपनीची मते नाहीत’ हे वाक्य जबाबदारी झटकण्याचेच काम करते. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ या ‘असतील तर’मध्ये दुखावल्या गेलेल्या माणसावरच सिद्ध करण्याचे ओझे पडते. कर्ता लपवणारी रचनाही अशीच सोयीची: ‘चुका झाल्या’ म्हटले की चूक करणारा दिसत नाही.

माफी कोण मागतो यालाही महत्त्व आहे. कम्युनिटी मॅनेजरच्या, म्हणजे खेळाडूंशी बोलायला नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या, नावाने आलेली माफी खेळाडू फारशी मानत नाहीत, कारण निर्णय त्याच्या हाती नसतो. दक्षिण कोरियात ही अपेक्षा फार ठळक झाली आहे. जानेवारी २०२१ मध्ये ‘फेट/ग्रँड ऑर्डर’चा एक कार्यक्रम अचानक बंद केल्यावर खेळाडूंनी वर्गणी काढून नेटमार्बलच्या कार्यालयासमोर फलक लावलेले ट्रक उभे केले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उमा मुसुमे’च्या खेळाडूंनी पांग्यो येथे काकाओ गेम्सच्या कार्यालयाभोवती चक्क घोडागाडी फिरवली, कोरियन खेळाडूंना जपानी खेळाडूंपेक्षा दुय्यम वागणूक मिळते, ही त्यांची तक्रार होती. दोन्ही ठिकाणी प्रमुखांना स्वतः माफी मागावी लागली आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना खेळाडूंच्या प्रतिनिधींसमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. लिहून आणलेले निवेदन वाचून निघून जाण्याची सोय अशा बैठकीत नसते, म्हणून ही रीत इतरत्रही रुजावी.

माफी आणि नोकरी

माफीच्या सोबतीने कर्मचाऱ्याला काढले जाते तेव्हा प्रश्न अवघड होतो. रायट गेम्सच्या एका डिझायनरने सप्टेंबर २०१७ मध्ये डिस्कॉर्डवर ‘लीग ऑफ लेजंड्स’मधून बंदी घातलेल्या ‘टायलर१’ या प्रसिद्ध स्ट्रीमरबद्दल (आपला खेळ इंटरनेटवर थेट दाखवणाऱ्याबद्दल) त्याच्या मरणाची भाषा केली. कंपनीने माफी मागितली आणि तो माणूस कंपनीत राहिला नाही. यात फारसा वाद नव्हता. जुलै २०१८ मध्ये अरीनानेटने घेतलेला निर्णय मात्र आजही वादग्रस्त आहे. ‘गिल्ड वॉर्स २’च्या एका लेखिकेने ट्विटरवर कथालेखनाविषयी लिहिले, एका स्ट्रीमरने सभ्य शब्दांत असहमती नोंदवली, तिने तिखट उत्तर दिले, एका सहकाऱ्याने तिची बाजू घेतली. काही दिवसांत दोघांची नोकरी गेली. कंपनीचे अध्यक्ष माइक ओब्रायन यांनी खेळाडूंच्या समुदायावर केलेले हे हल्ले अस्वीकारार्ह असल्याचे जाहीर निवेदनात म्हटले. तिचे उत्तर उर्मट होते हे खरे. पण वैयक्तिक खात्यावरच्या दोन-चार तिखट वाक्यांना खेळाडूंवरचा हल्ला ठरवून माणसे काढणे म्हणजे झुंडीला नैवेद्य दाखवणे होय. त्यातून पुढच्या झुंडीला आपली ताकद कळते.

ही ताकद काय करू शकते याची नोंद न्यायालयातही आहे. ‘डेस्टिनी २’ बनवणाऱ्या बंजीच्या एका कम्युनिटी मॅनेजरला एका खेळाडूने फोन व संदेशांतून वंशद्वेषी धमक्या दिल्या आणि घरापर्यंत त्रास पोहोचवला. जुलै २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या न्यायालयाने त्या खेळाडूला सुमारे ४,८९,००० डॉलर भरपाई देण्याचा आदेश दिला.

‘हेलडायव्हर्स २’च्या खेळाडूंना मे २०२४ मध्ये खेळ प्रकाशित करणाऱ्या सोनीचे प्लेस्टेशन नेटवर्क खाते सक्तीचे होणार असल्याचे जाहीर झाले. जिथे असे खाते उघडताच येत नाही अशा देशांतल्या लोकांनीही खेळ विकत घेतला होता. काही दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून अधिक नकारात्मक परीक्षणे पडली. अ‍ॅरोहेडच्या एका कम्युनिटी मॅनेजरने खेळाडूंना सांगितले की बदल हवा असेल तर परीक्षणे बदलणे आणि पैसे परत मागणे हाच मार्ग आहे. सोनीने अट मागे घेतली. त्या मॅनेजरने नंतर स्वतःच कळवले की या बोलण्यामुळे आपली नोकरी गेली.